पंचावन्न इंची टीव्ही, बजेट पंचेचाळीस हजार, घर कापसाचं

पऱ्हाटी | २७ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:१४

राम राम मंडळी.

आधीच सांगतो, हा लांब धाग्याच्या कापसाचा धागा नाही, टीव्हीचा आहे. (कापसाचं विचाराल तर यंदा पावसानं खालची बोंडं सडली. जे हाती लागलं त्यातलं अर्धं सीसीआयला (सरकारी कापूस खरेदीला) गेलं. हमीभाव क्विंटलला ८,११०, पण ओलाव्याचं कापून किती उरते ते ज्याचं त्याला ठाऊक.) पैसे खात्यात पडले त्याच रात्री घरात ठराव पास झाला की आता मोठा टीव्ही. माझं मत कोणी विचारलं नाही, निवड मात्र माझ्यावर टाकली.

गाव दारव्हा तालुक्यातलं. बैठकीची खोली बारा बाय चौदा, वर स्लॅब. समोर टिनाची सपरी. बाबांची बाज टीव्हीपासून नऊ फुटांवर, पोट्टे खाली चटईवर, पाच फुटांवर म्हणा. दिवाळी ते संक्रांत डाव्या भिंतीला कापसाची गंजी असते, म्हणजे टीव्हीला उजवी भिंतच उरते आणि तिच्यासमोर दार. दुपारी उन्हाची तिरीप थेट पडद्यावर.

सध्याचा ३२ इंची २०१६ चा. मागच्या महिन्यापासून आवाज येते, चित्र नाही. बाबा त्याच्यावर नुसतं कीर्तन ऐकून राहिले, रेडिओसारखं.

बाबांना फ्री डिश पाहिजे, म्हणजे दूरदर्शनची फुकटातली छत्री. पोट्ट्यांना यूट्यूब. बायकोला मालिका, त्याही मोबाईलवर येतात त्याच. मला क्रिकेट. यवतमाळात दोन दुकानं फिरलो. एकानं क्यूएलईडी सांगितला, दुसरा म्हणे क्यूएलईडी सगळा जुमला आहे, चांगल्या कंपनीचा साधा फोर-के घ्या. तिसऱ्या दुकानात गेलोच नाही. आता तुम्ही सांगा.

तर्रीपोहा | रात्री ९:४१

नागपूरहून. पहिलं माप घ्या, मग बाकीचं. ५५ इंची म्हणजे कोपरा ते कोपरा १३९.७ सेंमी. रुंदी चार फूट, उंची सव्वादोन फूट. दुकानाच्या मोठ्या हॉलमध्ये तो लहान वाटते, घरी आणला की भिंत खाते. उद्या सकाळी भिंतीवर खडूनं तेवढा चौकोन काढा आणि बाजेवर बसून पाहा.

फोर-के चित्राला ५५ इंचीसाठी सात-साडेसात फूट अंतर बरं. तुमची बाज नऊ फुटांवर आहे, चालते. पोट्टे पाच फुटांवर बसले तर बसू द्या, आपणही शटरच्या टीव्हीला नाक लावून बसायचो.

पुणेरी_पाटी | रात्री १०:०५

एकच सल्ला: ओएलईडी घ्या. एकदा खरा काळा रंग पाहिलात की बाकी सगळे पडदे धुरकट वाटतात. बजेट थोडं ताणा.

तर्रीपोहा | रात्री १०:०९

किती ताणायचं दादा? ५५ ओएलईडी लाखाच्या घरात आहे. पंचेचाळीसचे लाख म्हणजे ताणणं नाही, तुटणं आहे.

पुणेरी_पाटी | रात्री १०:१५

टीव्ही दहा वर्षं वापरायची वस्तू आहे. दहानं भागून पाहा.

पऱ्हाटी | रात्री १०:२२

दादा, दहानं भागायला पहिल्या वर्षी लाख लागतात ना.

भुलाबाई | २८ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

अकोल्याजवळून. तुमच्या गावात नेट कोणतं आहे ते लिहिलंच नाहीत. सगळं त्याच्यावर आहे.

आमच्याकडे मोठा टीव्ही आला तेव्हा ह्यांच्या मोबाईलचं हॉटस्पॉट लावलं. रोजचा दोन जीबीचा पॅक. एचडी चित्राला तासाला तीन जीबीपर्यंत लागतात, म्हणजे पाऊण तासाच्या आत खेळ खलास. फोर-के लावलं तर तासाला सात जीबीपर्यंत जातात. पहिल्याच दिवशी सिनेमाची नायिका स्टेशनवर उभी होती, गाडी यायच्या आत पॅक संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली.

फायबर किंवा घरावर बसवायचं वायरलेस कनेक्शन येत असेल तर फोर-केला अर्थ आहे. पंधरा एमबीपीएस सलग मिळाले तरी फोर-के चालते, एचडीला पाच पुरतात. ते नसेल तर ५५ इंची पडद्यावर तुम्ही मोबाईलचंच चित्र ताणून पाहणार.

पऱ्हाटी | सकाळी ८:१०

ताई, फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आलं आहे, घरापर्यंत नाही. शेजारच्यानं वायरलेसवालं बसवलं, त्याच्याकडे तीस-पस्तीस दाखवते. ते घेतो.

खडूचा चौकोन काढला. लहान्यानं दहा मिनिटांत त्यात तीन स्टंपा काढल्या. आई म्हणे एवढा मोठा कायले, आपण काय टॉकीज टाकून रायलो का.

सोल्डरगन | दुपारी १:५२

पऱ्हाटी भाऊ, मी हिंगणघाटकडला. तीस वर्षं झाले टीव्ही खोलून रायलो. तुमच्या पोस्टमधलं एकच वाक्य मले महत्त्वाचं वाटलं, 'आवाज येते, चित्र नाही'.

तो जुना भंगारात देऊ नका. रात्री खोलीतले लाईट बंद करा, टीव्ही चालू करा अन् मोबाईलचा टॉर्च पडद्याले अगदी टेकवून तिरपा मारा. टॉर्चच्या गोलात बुवा हलताना दिसले तर काच चांगली हाय, मांगची दिव्याची पट्टी गेली. त्या पट्टीतले एलईडी दिवाळीच्या माळीवानी एकामागे एक जोडलेले असतात. एक मेला की अख्खी माळ बंद. पट्ट्या बदलून भेटतात. ३२ ले माझ्याकडे पंधराशे-अठराशे होतात, तुमच्या तिकडे थोडं इकडेतिकडे.

आता नव्याचं. एलईडी, क्यूएलईडी, मिनीएलईडी हे तिन्ही एकाच घरचे. मांगे दिवे, समोर काच. क्यूएलईडीत मधात रंगाची एक झिल्ली जास्त, तिच्यानं लाल-हिरवा खुलते. मिनीएलईडीत दिवे बारीक अन् लय, ते गटागटानं मंद होतात, म्हणून रात्रीचा सीन काळा दिसते. ओएलईडीत मांगे दिवेच नाही, प्रत्येक ठिपका सोताच दिवा. पुण्याचे भाऊ खोटं नाही सांगून रायले. पण तुमच्या खोलीत दुपारी दारातून ऊन येते, तिथं काळा कितीबी काळा असला तरी त्याच्यात दारच दिसन.

तुमाले पंचेचाळीसात चांगला क्यूएलईडी नाहीतर मोठ्या कंपनीचा साधा फोर-के, दोन्ही बसतात. चित्रात फरक हाय, पण जमीन-अस्मानाचा नाही. माह्या टेबलावर टीव्ही येते तो क्यूएलईडी नव्हता म्हणून येत नाही. तो कायनं येते ते सांगतो.

एक, न्यूट्रल. डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, न्यूट्रल ढिला झाला नाहीतर तुटला की २३० च्या जागी घरात चारशेपर्यंत व्होल्टेज येऊ शकते. एका रात्रीत आळीतले सगळे टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, चार्जर एकाच पोत्यात माझ्याकडे आले होते, पोतं उघडलं तर जळक्या बोर्डाचा वास. लोक म्हणतात व्होल्टेज कमी असते, स्टॅबिलायझर लावू का. कमी व्होल्टेजचं आजच्या टीव्हीले काई वाटत नाही, शंभर-एकशेदहावरही तो चालते. मारते ते जास्त व्होल्टेज. म्हणून हाय-लो कटवालं लावा. ते मर्यादेबाहेर गेलं की तोडते अन् दोन-तीन मिनिटं थांबून पुन्हा जोडते. हजार-दीड हजाराचं काम हाय.

दोन, आभाळातली वीज. मृगात अन् परतीच्या पावसात. लोक प्लग काढतात अन् छत्रीची केबल तशीच ठेवतात. वीज त्या केबलनं बॉक्समध्ये येते, बॉक्समधून एचडीएमआयनं टीव्हीत. मंग टीव्ही चालू होते, पण एचडीएमआयचं एकबी तोंड चालत नाही. ढग गडगडले की दोन्ही काढा, प्लगही अन् छत्रीची केबलही. अर्थिंग नसन तर स्पाइक गार्ड नुसती शोभेची पेटी. मीठ-कोळशाचा खड्डा करा, उन्हाळ्यात त्यात बालटीभर पाणी टाकत जा.

तीन, पाल. हसू नका. पावसाळ्यात पडद्याच्या उजेडावर किडे येतात, किड्यांमांगे पाल येते, टीव्हीच्या मांगे गरम लागते म्हणून तिथंच राहते. एक दिवस जाळीतून आत जाते अन् पॉवर बोर्डावर आडवी होते. एका टीव्हीत दोन सापडल्या, नवरा-बायको असतीन. रात्री मेन स्विच बंद करा, नुसता रिमोटनं नाही.

चार, ओला फडका. दिवाळीचं साफ करताना पडद्यावर पाणी शिंपडतात. थेंब काचेवरून खाली घरंगळते, खालच्या पट्टीत शिरते. तिथंच पडद्याच्या बारीक पट्ट्या जोडलेल्या असतात. मंग उभ्या रेघा येतात अन् त्याले औषध नाही. कोरडा मऊ कपडा, बस.

संत्राबर्फी | दुपारी २:३०

सोल्डरगन भाऊ, प्रतिसाद नाही, पोथी आहे ही.

मी वरूडचा. माझी एक भर. टीव्ही आणायचा कसा. आम्ही ५५ इंची अमरावतीहून आणला. गाडीत खाली संत्र्याचे रिकामे क्रेट, त्याच्यावर खोकं आडवं, वर गादी, गादीवर भाचा बसलेला. घरी खोकं उघडलं, वरून काच साफ. चालू केला तर मधातून कोळ्याचं जाळं. दुकानदार म्हणे आमच्या दारातून निघाला तेव्हा चांगला होता. वॉरंटीत फुटतूट येत नाही. काच बदलायचं विचारलं तर नव्याच्या जवळपास सांगितले.

खोकं उभंच आणायचं. दोघं दोन बाजूंनी धरून. आणि कंपनीचा माणूस आल्याशिवाय उघडायचं नाही, उघडताना मोबाईलवर सलग शूटिंग करायचं. भाच्याला अजून लग्नात चिडवतो.

वाळ्याचीताटी | दुपारी ३:१५

नमस्कार. मी चंद्रपूर जिल्ह्यातली, शाळेत शिकवते. उन्हाळ्याचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो हे काही नवं नाही. टीव्हीसोबत येणाऱ्या पुस्तिकेत मात्र वापराचं तापमान बहुतेक ४० अंशांपर्यंतच लिहिलेलं असतं. ती पुस्तिका मी टीव्ही घेतल्यावर वाचली. तुमच्या खोलीवर स्लॅब आहे ते बरं, सपरीच्या टिनाखाली लावू नका. आणि भिंतीला अगदी चिकटवू नका, मागे चार बोटं हवा खेळू द्या.

दुसरं कूलर. आम्ही पहिल्या वर्षी कूलरच्या समोरच्या भिंतीवर टीव्ही लावला. वाळ्याची थंडगार हवा, सगळे खूश. जुलैत पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात डाग आला. कूलरचा ओला झोत उन्हाळाभर त्याच्यावर जात होता. आता कूलर बाजूच्या खिडकीत आहे.

तिसरं, उंची. हॉटेलात असतो तसा छताला टीव्ही टांगू नका. आपण खाली बसतो, बाजेवर बसतो, तिथून मान वर करून तीन तास मॅच पाहून बघा. पडद्याचा मध्य जमिनीपासून तीन फुटांवर पुरे. तुमचे पोट्टे चटईवर आहेत, त्यांच्यासाठी आणखी खाली चालेल.

आणि दारासमोरची भिंत असेल तर चकचकीत पडदा घेऊ नका. दुकानात टीव्ही बंद करायला सांगा आणि काळ्या पडद्यात स्वतःचा चेहरा पाहा. आरशासारखा स्वच्छ दिसला तर घरी दुपारी टीव्हीत दारच दिसणार.

पऱ्हाटी | रात्री ९:५०

लाईट बंद केले. टॉर्च मारला. बाबा म्हणे काय करून राहिला. सोल्डरगन भाऊ, गोलात बुवा दिसले! टाळ पण दिसले. बाबांनी टॉर्च माझ्या हातातून घेतला आणि अर्धा तास टॉर्चनंच कीर्तन पाहिलं, गोल इकडून तिकडे फिरवत.

दारव्ह्यात एकजण पट्टी बदलून देतो म्हणते. उद्या नेतो.

सोल्डरगन | रात्री १०:०२

😂 बुढ्याले माहा नमस्कार सांगा. पट्टी टाकली की सेटिंगमध्ये बॅकलाईट शंभरवरून साठावर आणा. नव्याचंबी तेच. कारखान्यातून येते तेव्हा लख्ख ठेवलेला असते, दुकानात उठून दिसावं म्हणून. शंभरवर चालवला की पट्टी लवकर जाते.

धुरकट | २९ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

आमच्या बाजारात तंबू लावून ५५ इंची अठरा हजारात विकून राहिले. खोक्यावर मोठ्या कंपनीसारखंच नाव, एक अक्षर वेगळं. कोणाचा अनुभव?

संत्राबर्फी | सकाळी ११:४५

तंबू उठला की वॉरंटी पण उठते.

तर्रीपोहा | दुपारी १२:१०

मागे बीआयएसचा (सरकारी मानक संस्थेचा) नोंदणी क्रमांक छापलेला असतो, 'आर' आणि पुढे आकडे. टीव्हीला तो सक्तीचा आहे. बीआयएस केअर ॲपवर टाकून पाहा, कोणाच्या नावानं आहे ते दिसते. नसेल तर हात लावू नका.

पऱ्हाटी भाऊ, किमतीचं एक. २२ सप्टेंबरपासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ चा १८ झाला. ३२ आणि त्याखालच्यांवर आधीपासून १८ च होता. जो ४६ हजारांना होता तो करातल्या फरकानंच ४२,४०० च्या आसपास यायला पाहिजे. दुकानदार जुनी किंमत दाखवून 'तुमच्यासाठी तीन हजार कमी' म्हणत असेल तर ते त्याच्या खिशातले नाहीत. जुनं लेबल मागा.

भुलाबाई | दुपारी १२:४०

आणि फ्री डिश? बाबांचं काय ठरलं? ५५ वर फ्री डिश पाहिली आहे का कोणी?

तर्रीपोहा | दुपारी १:०५

पाहिली आहे, माझ्या मामेसासऱ्यांकडे. साधं एसडी चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आत. फोर-केचे ठिपके ८३ लाखांच्या जवळ. भागून पाहा, बरोबर वीस येतात. फ्री डिशचा एक ठिपका फोर-के पडद्यावर वीस ठिपक्यांत पसरते. टीव्ही मधले रंग भरून काढायचा प्रयत्न करते, पण जे आलंच नाही ते कुठून आणणार? मामेसासरे म्हणाले, एवढे पैसे घातले आणि निवेदिकेच्या चेहऱ्यावर लोणी लावलं.

लहान पडद्यावर तेच चित्र ठसठशीत दिसते.

वाळ्याचीताटी | दुपारी १:२०

बॉक्स एमपीईजी-४ चा (नव्या पद्धतीचा) आणि एचडीएमआयचा असेल तर थोडं बरं. पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीनं जोडलात तर आणखी पुसट.

पुणेरी_पाटी | दुपारी २:००

फ्री डिशसाठी फोर-के घेणं म्हणजे बैलगाडीला अलॉय व्हील.

सोल्डरगन | दुपारी २:०४

बैलगाडीले आता टायरच असते भाऊ. लाकडाचं चाक पाहाले पुण्यातल्या हॉटेलात जावं लागते.

पुणेरी_पाटी | दुपारी २:०९

मान्य. 🙏

सोल्डरगन | दुपारी २:३०

पऱ्हाटी भाऊ, म्हणूनच म्हटलं जुना फेकू नका. फ्री डिश जुन्यावर, नेट नव्यावर. बुढ्याची मालकी वेगळी, पोट्ट्यांची वेगळी. भांडण बी नाही.

अन् दुकानात जाताना एक पेनड्राईव्ह न्या, त्यात तुमच्या मोबाईलवर काढलेला एक व्हिडिओ. घरातला, माणसाच्या चेहऱ्याचा. दुकानातल्या डेमोत फुलं, पोपट अन् समुद्र असते, त्यात सगळेच टीव्ही भारी. घरच्या माणसाचा रंग कोणता टीव्ही बरोबर दाखवते ते आपल्याले लगेच समजते. अन् बाजूनं पाहा, जिथं तुमची गंजी राहीन तिकडून. काही पडदे बाजूनं फिके पडतात. त्यांचा काळा चांगला असते, पण बाजूवाल्याले धुतल्यावानी दिसते. दुसऱ्या जातीचे बाजूनंबी सारखे दिसतात, काळा मात्र राखाडी. तुमच्या घरी कोण कुठं बसते त्यावर ठरवा.

शेवटचं. कंपनीचा माणूस गावात येते का, तेवढं फोन करून विचारा. दुकानदाराले नाही, कंपनीच्या नंबरले, गावाचा पिनकोड सांगून. काही जण म्हणतात तालुक्याले आणून द्या. ५५ इंची मोटरसायकलवर नेता येत नाही.

पऱ्हाटी | ३० नोव्हेंबर, सायंकाळी ७:४०

आज यवतमाळला गेलो. बायको, मोठी पोरगी आणि मी. पेनड्राईव्हमध्ये आईचा भाकर थापतानाचा व्हिडिओ नेला होता.

दुकानात पाच टीव्हींवर आई लावली. पहिल्यावर आई गोरीपान. पोरगी म्हणे ही आपली आजी नाही. दुसऱ्यावर हळद लावल्यासारखी. तिसऱ्यावर ठीक. चौथ्यावर चुलीतला जाळ असा लाल दिसला की दुकानातला पोऱ्या पण थांबला, पण आईचा चेहरा काळवंडला. पाचव्यावर सगळं बरोबर, किंमत ६२ हजार. पोऱ्यानं चौथ्याचं पिक्चर मोड 'व्हिव्हिड'वरून 'सिनेमा'वर केलं तर आई परत आली. म्हणजे अर्धा खेळ सेटिंगचाच होता. तो चौथा क्यूएलईडी, ५५ इंची, गूगल टीव्हीवाला. ४३,९०० सांगितले. जुन्या लेबलाचं विचारलं, तर त्यानं मान खाजवली आणि ४२,५०० केले.

पिनकोड सांगून कंपनीला फोन केला. दोन कंपन्यांनी 'हो, घरी येतो' म्हटलं. तिसरी, जिचा मला सगळ्यात आवडला होता, ती म्हणे 'सर, त्या भागात अधिकृत तंत्रज्ञ नाही, यवतमाळला आणावं लागेल.' दुकानदार तोवर 'येते-येते' म्हणत होता. तो टीव्ही कटला.

दोन जीबी रॅम आहे. पुढे मंद होईल का?

तर्रीपोहा | रात्री ८:०५

होईल, दोन-तीन वर्षांत. तेव्हा मागे खोचायची स्मार्ट टीव्ही स्टिक लावा, तीन ते पाच हजारांत काम होते. पडदा म्हातारा होत नाही, त्याचं डोकं होते. आज रॅमसाठी पाच हजार जास्त देऊ नका. फक्त टीव्हीवर भाराभर ॲप टाकू देऊ नका पोट्ट्यांना.

भुलाबाई | रात्री ८:३०

टेबलचं माप घेतलंत का? काही ५५ इंचींचे पाय दोन टोकांना असतात, सव्वातीन-साडेतीन फुटांवर. आमच्या टेबलवर एक पाय बसला, एक हवेत. शेवटी सासूबाईंच्या पाटावर ठेवला, दोन महिने.

पऱ्हाटी | रात्री ८:३४

भिंत विटेची आहे, टांगतो. मध्य तीन फुटांवर, ताईंनी सांगितल्याप्रमाणे.

पऱ्हाटी | ९ डिसेंबर, रात्री ९:२०

लावला. खोकं उभं आणलं, छोट्या टेम्पोत, मी एका बाजूला आणि मेव्हणा दुसऱ्या बाजूला धरून. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला आम्ही दोघांनी मिळून शिव्या दिल्या. कंपनीचा पोरगा तिसऱ्या दिवशी आला, चहा घेऊन पाऊण तासात टांगून गेला. उघडतानाचं शूटिंग पोरीनं केलं, त्यात आईच जास्त आहे.

खर्च लिहितो, कोणाच्या कामी येईल: टीव्ही ४२,५००. हाय-लो कट १,३५०. अर्थिंगचा खड्डा घरीच केला, तांब्याची पट्टी आणि वायर मिळून साडेआठशे. जुन्या ३२ च्या पट्ट्या १,७००. टेम्पो ९००. बजेट दोन-अडीच हजारानं फुटलं, पण दोन टीव्ही झाले.

गंजी डाव्या बाजूला आहे, बाजूनं थोडं फिकं दिसते, पण तिकडे फक्त मांजर बसते.

आता गंमत. नवा खोलीत, जुना सपरीत फ्री डिश लावून. जानेवारीपर्यंत टिन तापत नाही, उन्हाळ्यात आत घेईन. संध्याकाळी सात वाजता सपरीत आळीतले सहा-सात म्हातारे, बंगईवर दोन, बाकी खाली. ३२ वर चित्र खरंच ठसठशीत आहे. मध्ये एकदा नव्यावर फ्री डिश लावून दाखवली तर बाबा म्हणे, हे आमचे बुवा नाहीत, हे सुजलेले आहेत.

आणि तेच विचारायचं होतं. नव्यावर लावली की माणसं रुंद दिसतात. चेहरे चपटे, पोट पुढे. टीव्हीत बिघाड आहे की बॉक्समध्ये?

सोल्डरगन | रात्री ९:३१

कोणाचाच नाही. जुनं चित्र चार-तीनच्या मापाचं, पडदा सोळा-नऊचा, टीव्ही त्याले ताणून बसवते. रिमोटवर पिक्चर साइज शोधा, 'ओरिजिनल' नाहीतर '४:३' करा. बाजूले दोन काळे पट्टे येतीन, येऊ द्या. नाही भेटलं तर बॉक्सच्या मेनूत जा, तिथंबी असते.

पऱ्हाटी | रात्री ९:४८

झालं. बुवा बारीक झाले. पण आता आई म्हणते, एवढे पैसे देऊन बाजूचे दोन तुकडे बंद का ठेवले.